समुपदेशकाचा नोंदणी क्रमांक विचाराच

मा. संपादक,

घरात कुणाला समुपदेशकाची गरज लागली की आपण ओळखीपाळखीत विचारतो आणि गंगापूर रोड किंवा कॉलेज रोडवरच्या एखाद्या पाटीपाशी पोहोचतो. पाटीवर पदव्या असतात, नोंदणी क्रमांक बहुधा नसतो. ‘समुपदेशक’ हे नाव लावायला आपल्याकडे आजवर नोंदणी सक्तीची राहिलेली नाही. काही आठवड्यांच्या प्रमाणपत्रावरही पाटी लागते. २०२१च्या केंद्रीय कायद्यात समुपदेशकांच्या नोंदणीची तरतूद झाली, पण ती व्यवस्था रुळेपर्यंत पारख आपल्यालाच करावी लागणार.

मानसिक आजारांवर मानसशास्त्रीय चाचण्या आणि उपचार करणाऱ्या क्लिनिकल सायकॉलॉजिस्टला मात्र भारतीय पुनर्वास परिषदेची, म्हणजे ‘आरसीआय’ची नोंदणी लागते. परिषदेच्या संकेतस्थळावर ती तपासता येते. मुदत संपलेली नाही ना आणि नोंदणी कोणत्या वर्गात आहे, हे दोन्ही पाहावे. त्याच नोंदवहीत विशेष शिक्षक आणि वाचा-श्रवणतज्ज्ञही असतात, म्हणून नुसत्या ‘आरसीआय नोंदणीकृत’ या शब्दांवर विसंबू नये. मानसोपचारतज्ज्ञ हा एमबीबीएसनंतर त्या विषयात एमडी, डीएनबी किंवा डीपीएम केलेला डॉक्टर. त्याची नोंदणी महाराष्ट्र वैद्यकीय परिषदेकडे असते. समुपदेशकच गोळ्या सुचवू लागला किंवा चालू गोळ्या बंद करा म्हणाला, तर तिथून उठावे.

नोंदणी नाही म्हणून प्रत्येक समुपदेशक वाईट, असे मुळीच नाही. पण पहिल्या फोनवरच विचारावे : मानसशास्त्र किंवा समाजकार्यातली पदव्युत्तर पदवी कोणत्या विद्यापीठाची? प्रत्यक्ष कामाचे प्रशिक्षण कुणाच्या देखरेखीखाली झाले? सत्र किती मिनिटांचे (साधारण ४५ ते ६०) आणि फी किती? मुलाने सांगितलेले पालकांना कितपत कळवणार? यावर जो चिडतो किंवा ‘पाच सत्रांत हमखास बरे’ म्हणतो, त्याला टाळावे.

आत्महत्येचे विचार, कानात आवाज येणे, अनेक रात्री झोपच नसणे, अशी लक्षणे असतील तर आधी मानसोपचारतज्ज्ञ गाठावा. अशा वेळी नुसत्या बोलण्यात महिने जातात आणि आजार बळावतो. उदासी आणि थकवा थायरॉइडमुळेही असू शकतो. ती रक्ततपासणी करून घ्यावी. खासगी फी झेपत नसेल तर जिल्हा रुग्णालयात केसपेपर काढून मानसोपचार विभागात दाखवता येते. पेठ-सुरगाण्याहून लगेच येणे जमत नसेल, तर ‘टेलिमानस’ या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर चोवीस तास मराठीतही बोलता येते.

आपल्या दैनिकाला एक विनंती. समुपदेशन केंद्राची जाहिरात घेताना नोंदणी क्रमांक, तो नसल्यास पदवी आणि विद्यापीठाचे नाव, छापण्याची अट घालावी.

– मानसिक आरोग्य क्षेत्रात काम करणारे काही वाचक, नाशिक