नकाशा पक्का करण्याआधी

औसा

चि. बाळास अनेक आशीर्वाद.

तू मोबाईलवर पाठवलेला नव्या घराचा नकाशा मी दुकानातून मोठ्या कागदावर छापून आणला आणि देवघराजवळच्या भिंतीला लावला. तीन दिवस येता-जाता बघतेय. समोरून घर कसं दिसेल त्याचं रंगीत चित्र सुंदर आहे, पण ते शेवटी ठरू दे. घरात आपण उठणार कुठं, बसणार कुठं, पोती ठेवणार कुठं, ते या कागदावर अजून उतरलेलं नाही. फोनवर तू घाईत असतोस, म्हणून लिहितेय.

स्वयंपाकघर पश्चिमेच्या कोपऱ्यात घेतलंय, ते आधी हलव. आपल्याकडं मे महिन्यात पारा 42 च्या वर जातो. पश्चिमेची भिंत दुपारभर तापते आणि रात्री जेवणं उरकेपर्यंत आत ऊब सोडत राहते. मी वीस वर्षं तसल्या भिंतीला पाठ लावून भाकरी थापल्या, माझ्या सुनेनं ते भोगू नये. त्या बाजूला जिना, न्हाणी, कोठीची खोली घे, म्हणजे ऊन त्यांच्यावर अडेल. स्वयंपाकघर पूर्वेला आण आणि त्याचं दार थेट परसात उघडू दे.

हे घर 2004 साली बांधलं तेव्हा नकाशा म्हणून एक पानसुद्धा नव्हतं. ठेकेदार म्हणाला, जागेवर बघू. जिना घालायची वेळ आली तेव्हा कळलं की त्याला जागाच सोडलेली नाही, आणि मागची खोली अर्धी त्यात गेली. मोरीचा पाइप गळायला लागला, तो भिंतीत कुठून गेलाय ते कुणालाच सांगता येईना. तीन ठिकाणी फरशी फोडली. म्हणून आर्किटेक्टची फी जास्त वाटते म्हणालास ते मला पटलं नाही. फी दे आणि पाइप, लाइटचे पॉइंट, दारं कुठल्या बाजूला उघडतात, सगळ्याचे वेगवेगळे नकाशे मागून घे. खोल्यांत पलंग, कपाट, फ्रीजसुद्धा मापानं काढून दे म्हणावं. पलंग टाकल्यावर दार उघडत नाही, असं आपल्याच घरात झालंय.

दार उघडलं की एकदम हॉल, हेही मला खटकतं. गावाकडच्या वाड्यात दारातच बसायची ढेळज होती, आठवते का तुला? तू चारच वर्षांचा होतास. शेतावरून आलेला माणूस आधी तिथं टेकायचा, पाणी प्यायचा, मग आत. मला मोठी नको, आठ फुटांची पुरे, बसायला एक कट्टा हवा. दिवाळीच्या आधी सोयाबीनची पोती उतरतात तीही तिथं थप्पीला लागतील.

आता त्या वाड्याचं लिहिते. 1993 साली 30 सप्टेंबरच्या पहाटे, गणपती विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी, भूकंप झाला तेव्हा मी तुला उचलून बाहेर पळाले आणि पाठीमागं मातीचं छत, माळवद, खाली बसलं. तुझी पणजी आत राहिली. किल्लारीच्या भोवतालच्या गावांत त्या पहाटे हजारो माणसं अशीच गेली. लोक म्हणायचे, दगडानं घात केला. पुढं अण्णा पुनर्वसनाच्या कामावर गेले तेव्हा त्यांना उमगलं. भिंत दोन-अडीच फूट रुंद, पण आतला पदर आणि बाहेरचा पदर बांधून ठेवणारे आरपार दगड नव्हते, मधे नुसता चिखल. वर दर पावसाळ्याआधी माती टाकून टाकून माळवदाचं ओझं वाढलेलं. हादरा बसला तशी भिंत उभी फाटली.

म्हणून तुझ्या नकाशात खाली गाडीसाठी सगळं मोकळं, नुसते कॉलम, आणि वर भिंतींचा भार बघून मला झोप लागत नाही. असा खालचा मजला भूकंपात कमजोर पडतो. स्ट्रक्चरल इंजिनिअरला हाच प्रश्न समोर बसून विचार. कॉलममधल्या लोखंडी रिंगांची टोकं आत 135 अंशांत वळलेली हवीत, हे नकाशावरच लिहून घ्यायला अण्णांनी सांगितलंय. आणि त्याआधी माती तपासून घे. प्लॉटवर काळी माती खोल आहे. ती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, या घराच्या दारावरची तिरकी चीर त्यातूनच आलीय. दोन-तीन कोपऱ्यांत मुरूम लागेपर्यंत खड्डे घे, पाया किती खोल ते इंजिनिअर मग ठरवेल.

पाण्याची टाकी तर नकाशात कुठंच नाही. 2016 साली लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं, ते दिवस तू पुण्यात होतास. हजार चौरस फुटांच्या गच्चीवर 700 मिलिमीटर पाऊस पडला तर साधारण 65 हजार लिटर पाणी होतं. वाया जाणारं धरून पन्नास हजार तरी हाती लागतं. ढेळजेखाली टाकी घ्यायची तर ती पायाबरोबरच आखावी लागेल, मागाहून जमणार नाही.

आजीची खोली खालीच ठेवलीस, बरं वाटलं. तिच्या न्हाणीचं दार तीन फुटांचं कर आणि उंबरा नको, वॉकर अडतो.

परवानगीला नकाशा देण्याआधी मे महिन्यात आठ दिवस सुनेला आणि लेकरांना घेऊन ये. दुपारी तीनला प्लॉटवर उभं राहू, ऊन कुठून येतं ते तू बघ. खोल्या जमिनीवर खऱ्या मापानं आखू, मी स्वयंपाकघरात फिरून बघेन, आजी न्हाणीपर्यंत चालून बघेल. चुन्याची गोणी आणून ठेवलीय, सुतळी घरात आहे.

तुझी आई