सुनेच्या माहेरची जमीन आणि व्हर्जिनियाची दप्तरे

प्रिय मंगेश,

सप्रेम नमस्कार.

सूनबाईंच्या माहेरची वंशावळ मिळाली. कल्पेपर काउंटीतली (काउंटी म्हणजे तिथला जिल्हा) ती चारशे एकर 1760 च्या सुमारास बापाकडून मुलाकडे गेली कशी, याचा कागदच सापडत नाही म्हणतोस. ना मृत्युपत्र, ना खरेदीखत. अरे, कागद नसणे हाच इथे मोठा दुवा आहे. मालक वारला की तलाठ्याकडे वारसनोंद आणि फेरफार, ही सवय आपल्या अंगात मुरलेली; वसाहतकाळच्या व्हर्जिनियात तसली नोंद नव्हतीच. माणूस मृत्युपत्र न करता गेला तर जमीन आपोआप थोरल्या मुलाची. त्यासाठी कोर्टाची पायरी चढावी लागत नसे. मुलगे नसले तर मुलींना सारखी वाटणी. हा ज्येष्ठाधिकार 1785 च्या कायद्याने मोडला आणि 1 जानेवारी 1787 पासून सगळी मुले समान वारस झाली. त्यामुळे 1787 च्या अलीकडचे आणि पलीकडचे मृत्यू एकाच चष्म्यातून पाहू नकोस.

मृत्युपत्र सापडले आणि त्यात थोरल्याला एक शिलिंग दिसला, तर बापाने त्याला हाकलले असे समजू नकोस. बहुधा त्याचा वाटा आधीच देऊन झालेला असतो. शिवाय ज्या जमिनीचा मृत्युपत्रात उल्लेख नाही, तीही कायद्याने त्याचीच. मयताच्या मालमत्तेची यादी चाळून जमीन शोधणे तर सोडूनच दे. त्या यादीत गुरेढोरे, भांडी, बिछाने असतात, जमीन नसते. माणसे मात्र असतात, नावानिशी. 1705 च्या कायद्याने तिथे गुलामांना वारसाहक्कापुरते स्थावर मिळकत ठरवले होते, तरी किमतीसह त्यांची नावे या यादीत चढत. ती पाने उतरवून घे. त्या माणसांच्या वंशजांना आपल्या पूर्वजांचा माग काढायला बहुतेक वेळा एवढाच आधार असतो.

तेव्हा उलटे चल. जमीन घराण्याबाहेर गेली तो विक्रीचा दस्त आधी गाठ. ‘ही जमीन अमक्याला अमक्या साली मिळाली, त्याच्या पश्चात थोरला मुलगा व वारस म्हणून विकणाऱ्याकडे आली’ असे वाक्य त्यात अनेकदा असते आणि एका दमात तीन पिढ्या हाती येतात. ओळीने दोन दस्त दिसले तर गोंधळू नकोस. पहिल्या दिवशी पाच शिलिंगांवर एक वर्षाचा भाडेपट्टा आणि दुसऱ्या दिवशी खऱ्या किमतीचे हक्कसोडपत्र, अशी तेव्हा विक्रीची रीत होती. नुसता पहिला वाचून ‘जमीन भाड्याने दिली’ असे लिहिणारे पुष्कळ भेटतात.

बायकोची सही कुठे आणि कशासाठी आहे, हे नीट बघ. विधवेला नवऱ्याच्या जमिनीत हयातीपुरता तिसरा हिस्सा असे. म्हणून नवरा हयातीत जमीन विकी तेव्हा हा पुढचा हक्क सोडल्याबद्दल कोर्ट बायकोला नवऱ्यापासून बाजूला घेऊन विचारी आणि तशी नोंद होई. पण बायको नवऱ्याबरोबरीने विकणारी म्हणून पहिल्याच ओळीत असेल, तर जमीन तिच्या बापाकडून आलेली असण्याचा संभव मोठा. मग माग तिच्या माहेरच्या आडनावाने काढायचा.

आता कुठल्या काउंटीत शोधायचे? जमीन जागची हलत नाही, काउंट्या हलतात. कल्पेपर 1749 साली ऑरेंजमधून निघाली, ऑरेंज 1734 साली स्पॉट्सिल्व्हेनियातून. पुढे कल्पेपरचेही तुकडे पडले: मॅडिसन, मग 1833 साली रॅपहॅनॉक. म्हणजे एकाच शेताची खते चार कोर्टांत असू शकतात. मूळ दानपत्रासाठी तर दोन वेगळ्या मालिका धुंडाळाव्या लागतील. पोटोमॅक आणि रॅपहॅनॉक या नद्यांमधला मुलूख लॉर्ड फेअरफॅक्सच्या खासगी जहागिरीत होता, आणि तिची दक्षिण हद्द म्हणजे रॅपहॅनॉकला मिळणारी रॅपिडॅन नदी, हे 1745 साली लंडनमध्ये ठरले. त्याआधी रॅपिडॅनलगतची जमीन राजाच्या नावाने सनद (‘पेटंट’) देऊन वाटली गेली होती. नंतरची फेअरफॅक्सच्या दप्तरात. दोन्ही लायब्ररी ऑफ व्हर्जिनियाच्या संकेतस्थळावर आहेत. तू रिचमंडलाच आहेस, तेव्हा लायब्ररीत जाऊन मायक्रोफिल्मही बघ. कल्पेपरची खते 1749 पासून टिकली, हे नशीब. हॅनोव्हरसारख्या काउंट्यांनी अमेरिकेच्या यादवी युद्धात सुरक्षित राहावीत म्हणून दप्तरे रिचमंडला धाडली आणि एप्रिल 1865 च्या आगीत तीच जळाली.

चतुःसीमा वाचताना माप ‘पोल’ आहे हे विसरू नकोस. एक पोल म्हणजे साडेसोळा फूट, 320 पोलांचा मैल, 160 चौरस पोलांचा एकर. 160 पोलांची रेघ म्हणजे अर्धा मैल. 1:24,000 च्या नकाशावर ती साधारण साडेतेहेतीस मिलिमीटर भरेल. त्याच प्रमाणात पारदर्शक कागदावर आकृती काढ आणि नदीच्या वळणाशी जुळवून बघ. सगळा आकार दोन-चार अंश फिरलेला वाटला तर तो सरळ फिरव. चुंबकाची उत्तर काळाप्रमाणे सरकते. शेवटची रेघ पहिल्या खुणेला येऊन मिळाली नाही तर बहुधा नकलनविसाने एक ओळ गाळली आहे किंवा पूर्वचे पश्चिम केले आहे. शेजाऱ्याच्या खतात तीच हद्द उलट दिशेने असते, तिथून दुरुस्त कर. ओक आणि हिकरीची झाडे कधीच गेली, पण ओढ्यांची नावे बरीच टिकली आहेत.

तारखांची एक मेख आहे. 1752 पर्यंत नवे वर्ष 25 मार्चला लागे. ‘फेब्रुवारी 1740’ म्हणजे आपल्या हिशेबाने फेब्रुवारी 1741. हे सुटले की बाप मेल्यावर त्याने जमीन विकली असली गंमत होते. ‘ज्युनियर’ आणि ‘सीनियर’ हे नेहमी बापलेक नसतात. एका नावाचे काका-पुतणेही असेच ओळखले जात.

खतांच्या अनुक्रमणिका बऱ्याचदा नंतर केलेल्या, आणि त्यांत पाच भावांपैकी पहिल्याचेच नाव सापडते. म्हणून विकणारे आणि घेणारे दोन्ही बाजूंनी बघ, शेजाऱ्यांच्या नावांनीही. 1782 पासूनच्या जमीन-कराच्या याद्या वर्षावर्षाने लावल्यास तर एकर कमी-जास्त झालेले वर्ष लगेच दिसेल. 1787 नंतर कोणी मृत्युपत्राविना गेला असेल तर चॅन्सरी कोर्टातला (वाटणीसारखे तंटे न्यायबुद्धीने सोडवणारे कोर्ट) वाटपाचा दावा शोध. केंटकीला निघून गेलेल्या भावंडांचीही नावे त्यात मिळतात.

विक्रीच्या दस्ताचे छायाचित्र पाठवशील तेव्हा आधीचे आणि नंतरचे पानही पाठव. खताखालची कोर्टाची नोंद पुष्कळदा पान उलटल्यावर असते.

वहिनींना नमस्कार.

तुझा,
अरविंद