ओटीपी आला तेव्हा अण्णा फडात होते

ताई, नमस्कार.

हेच तुम्हाला व्हॉट्सॲपवर पाठवलं असतं तर तुम्ही एक अंगठा टाकून विषय संपवला असता. म्हणून चारचौघांत लिहितेय. तुमचं नाव घेत नाही, तुम्हाला ते खपणार नाही. ओळखणारे ओळखतील.

२०१९ च्या डिसेंबरातला तो शनिवार. बीडहून पुण्यात इंजिनिअरिंगला येऊन मला चार महिने झाले होते आणि महाडीबीटीचा, म्हणजे सरकारच्या शिष्यवृत्ती पोर्टलवरचा अर्ज अडला होता. आधारला जोडलेला नंबर अण्णांचा, म्हणजे वडिलांचा, अण्णा ऊसतोडीला बेळगावकडे, आणि ओटीपी दहा मिनिटांत टाकायचा. शिष्यवृत्तीच्या खिडकीवर "नंबर बदलून आण" एवढंच उत्तर मिळालं होतं, तेही मान वर न करता. दोन दिवस मी नुसती रडत होते. तुम्ही समजूत घालत बसला नाहीत. विचारलंत, "टोळीत आणखी कुणाकडे फोन आहे?"

टोळी नेणाऱ्या मुकादमाकडे होता. तुम्हीच त्याला फोन लावलात आणि 'दादा, दादा' करत त्याला फडापर्यंत चालवत नेलंत. अण्णांना अक्षर येत नाही, आकडे येतात. हातातला कोयता खाली ठेवून ते आपल्या बटणांच्या फोनवर आलेला एकेक आकडा मुकादमाच्या फोनमध्ये ओरडून सांगायला लागले. पहिला ओटीपी बाद झाला. दुसराही. तिसऱ्या वेळी "सात... न्हाई न्हाई, एक हाय" झालं आणि अर्ज पुढे सरकला. मी हुश्श करायच्या आत तुमचा पुढचा प्रश्न तयार: "बँक खातं आधारला जोडलंय का? नाहीतर मंजूर झालेले पैसे तिथंच लटकतील." जोडलेलं नव्हतं.

ताई, कॉलेजच्या माजी विद्यार्थी मेळाव्याला दर वर्षी मोठी माणसं येतात. शाल, श्रीफळ, 'स्वप्नं बघा'. मला स्वप्नांची टंचाई कधीच नव्हती. उत्पन्नाचा दाखला नव्हता. तो तहसीलमधून काढायला कोणते कागद लागतात, हे त्या व्यासपीठावरून कुणी सांगितलं नाही. तुम्ही कधी व्यासपीठावर दिसला नाहीत. एकाआड एक शनिवारी, कँटीनच्या मागच्या बाकावर, डबा उघडून बसलेल्या असायच्या. ज्यांच्या घरात आधी कुणीतरी कॉलेज केलेलं असतं त्यांना जे जेवता जेवता कळतं, ते आम्हाला त्या बाकावर कळलं.

आणि काही कळायला उशीर झाला. कॅपचे, म्हणजे इंजिनिअरिंगच्या केंद्रीय प्रवेशाचे, पर्याय मी गावातल्या नेटकॅफेवाल्याच्या सल्ल्याने भरले होते. शिक्षण शुल्क माफीच्या पाच टक्के जागा वेगळ्या असतात, त्यांच्या कोडच्या शेवटी 'टी' असतो, हे तुम्ही सांगितलंत तेव्हा माझा प्रवेश होऊन गेला होता. मी चिडले होते. तुम्ही म्हणालात, "लिहून ठेव." तुम्ही स्वतः विद्यार्थी सहाय्यक समितीच्या वसतिगृहात राहून शिकलेल्या. १९५५ पासून खेड्यातल्या मुलांना पुण्यात थारा देणाऱ्या त्या संस्थेतलं 'कमवा आणि शिका' तुमच्या अंगातच मुरलेलं. फुकट काही द्यायचं नाही. प्रत्येक मदतीच्या बदल्यात माझ्याकडून ती पद्धत वहीत उतरवून घ्यायचात, पुढच्या पोरीसाठी. त्या वहीतून आधी माझाच भाऊ तरला. त्याच्या वेळी 'टी'वाले कोड मी वर घातले, आणि त्याला जागा मिळाली. ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने बऱ्याच मुलींचं पूर्ण शुल्क माफ झालं, पण अर्ज महाडीबीटीवरच भरायचा असतो, त्यामुळे वही अजून फिरतेय. पानं सुटी झालीत.

मुलाखतीची तयारी करताना तुम्ही विचारलंत, "वडील काय करतात?" मी म्हणाले, शेती. किती? दीड एकर, कोरडवाहू. "मग पोट कशावर चालतं?" मी गप्प. तुम्हीही गप्प. शेवटी मी सांगितलं, आई-अण्णा मिळून एक कोयता आहे, ऊसतोडीत नवरा-बायकोच्या जोडीला तसंच म्हणतात, सहावीपासून त्यांच्या खेपांचा आणि टनांचा हिशोब मी ठेवते, कारण मुकादमाच्या वहीत नेहमी कमी भरतं. तुम्ही पेन खाली ठेवलंत. "हे आधी का नाही सांगितलंस? मुलाखतीत हेच सांग, आणि खाली बघून सांगू नकोस." आठ वेळा म्हणून घेतलंत. सहाव्या वेळेपर्यंत माझी नजर टेबलावरच होती.

आता जे राहिलंय ते. तुम्ही म्हणत होतात, गेट दे, एमटेकची प्रवेश परीक्षा, एमटेकला महिना १२,४०० विद्यावेतन मिळतं, दोन वर्षं निघतील. तुमचा हिशोब बरोबर होता. पण त्यात घरची उचल, म्हणजे मुकादमाकडून हंगामाआधी घेतलेले पैसे, धरलेली नव्हती. आईच्या ऑपरेशनच्या वर्षी अण्णांनी ती दुपटीने घेतली होती, आणि उचल अंगावर असली की पुढच्या हंगामाला नाही म्हणता येत नाही. मी तुम्हाला न विचारता चाकणची नोकरी धरली. तुम्ही तीन शनिवार माझ्याशी धड बोलला नाहीत. खरं सांगते, मलाही राग आला होता. वाटलं, यांना काय जातंय सांगायला. चौथ्या शनिवारी तुम्ही डबा माझ्यापुढे सरकवलात आणि एवढंच म्हणालात, "उचल फिटली की सांग."

म्हणून सांगतेय. फिटली. यंदा दसऱ्यानंतर गावात ऊसतोडीला नेणारा ट्रक आला तेव्हा आई-अण्णा दारात उभं राहून बघत होते. अण्णांना करमेना, दोन दिवस कोयत्याला धार लावत बसले. आईने शेवटी तो माळ्यावर टाकला.

आणि गेटचा अर्ज भरलाय. परीक्षा फेब्रुवारीत. गणित पार विसरलेय. रविवारी येते, तुमच्या जुन्या वह्या काढून ठेवा. डबा या वेळी मी आणते.

तुमची,
शनिवारवाली