पाठ फिरवणाऱ्या काकांस

टोकियोच्या निशी-कासाई स्टेशनजवळच्या गेम सेंटरमधले टॉवेलकाका यांस,
सा. न. वि. वि.

तुमचं नाव मला माहीत नाही. गळ्यात कायम निळा टॉवेल असतो म्हणून आमच्या घरात तुम्ही टॉवेलकाका. हे पत्र तुम्हाला वाचता येणार नाही, हेही ठाऊक आहे. पण माझी जपानी भाजीबाजार, रेल्वे आणि मुलाची शाळा यापलीकडे जात नाही, आणि मनापासून आभार मानायचे तर ते मला मराठीतच जमतात. त्या गुरुवारी मी तुम्हाला दहाबारा वेळा तरी ‘अरिगातो’ म्हटलं असेल. घरी येऊन कुकर लावताना वाटलं, आपण काहीच म्हटलं नाही.

पुढचा भाग तुमच्यासाठी नाही, पुण्याच्या माझ्या मावसबहिणीसाठी आहे. तिला अजून वाटतं की मी टोकियोत जुगार खेळते.

तर बाई, खेळाचं नाव ‘ताइको नो तात्सुजिन’, म्हणजे ताइकोचा, जपानी ढोलाचा, उस्ताद. नामको कंपनीने 2001 साली हे यंत्र गेम सेंटरांत आणलं. समोर पडदा, खाली ढोल, दोन काठ्या. पडद्यावर उजवीकडून गोळे धावत येतात. लाल आला की पानावर मारायचं, तो ‘डोन’. निळा आला की कडेवर, तो ‘का’. आपल्या ढोलाचा टोल आणि थापी समज, फक्त दोन्ही एकाच बाजूला. सोप्या, मध्यम, अवघड अशा पातळ्या आहेत आणि त्यांच्या वर ‘ओनी’, म्हणजे राक्षस. मी ज्या गाण्याच्या नादी लागले ते ‘किता साइतामा 2000’, ओनीतलं दहा ताऱ्यांचं (जितके तारे तितकं अवघड). साइतामा हा टोकियोच्या उत्तरेचा प्रांत, किता म्हणजे उत्तर. नाव ऐकून एसटीची पाटी वाटते. वाजवायला गेलं की लाल-निळ्या गोळ्यांची अशी सरमिसळ येते की कुणीतरी साबुदाण्याचं पोतं फोडलंय असं वाटतं.

आणि हे गाणं चुकलं म्हणून मधेच थांबत नाही. कितीही हुकलं तरी शेवटपर्यंत वाजवत राहायचं. वर एक पट्टी भरत आणि ओसरत असते, गाणं संपताना ती रेषेच्या पुढे असली तर तरलात. मी सत्तेचाळीस वेळा बुडाले. शंभर येनची नाणी किती गेली ते नवऱ्याला सांगितलेलं नाही. (तो हे वाचणार असेल तर: आपण बोलू.)

आता विचाराल, चाळिशी ओलांडलेल्या बाईला हे कशाला हवं. काका, लग्नाआधी मी पुण्यात ढोल-ताशा पथकात होते. गणपतीच्या आधी दोन महिने नदीपात्रात सराव चालायचा. पावसात, चिखलात, ऑफिसहून थेट. मला ताशा हवा होता. ताशाची तर्री, म्हणजे काड्यांचा तो सलग कडकडाट, सुरू झाली की माझ्या अंगावर काटा यायचा, अजून येतो. आमच्या ताशाप्रमुखाने तीन संध्याकाळी ऐकलं आणि म्हणाला, “तुझा हात जड आहे. ध्वज घे.” बस्स. तो हलका कसा करायचा, मनगट कुठे सोडायचं, काडी कशी धरायची, एक अक्षर नाही. मी दोन वर्षं ध्वज नाचवला. फोटो छान आलेत.

त्याचं बरोबर होतं हो. हात जडच होता. पण वैद्याने नुसतं रोगाचं नाव सांगून पेशंटला घरी पाठवावं, त्यातली गत.

इथे मुलाचा पोहण्याचा क्लास गुरुवारी असतो. त्या एका तासात मी पहिल्यांदा त्या यंत्रासमोर उभी राहिले आणि वीस वर्षांपूर्वीचा हात परत आला, जडपणासकट. मग आमच्याच इमारतीतल्या दोघींनी मला पाहिलं. निशी-कासाईत आपली माणसं भरपूर, वायटूकेच्या वेळी, म्हणजे 2000 साल लागताना संगणकांच्या तारखा गडबडतील अशी धास्ती होती तेव्हा, इंजिनियर यायला लागले ते इथेच रुजले. दिवाळी इथे एकटी वाटत नाही हे खरं, पण घाम गाळत ढोल बडवणारी बाईही लपून राहत नाही. त्यांनी व्हिडिओ काढला, मी हरताना, तोंड उघडं, ओढणी खांद्यावरून घसरलेली. ग्रुपवर टाकला. खाली हसून रडणाऱ्या चेहऱ्यांची रांग. एकीने लिहिलं, “वहिनींना वेळ बराच दिसतोय.” दर गणपतीला माझ्या मोदकांची ऑर्डर देणारी हीच.

त्यानंतर मी वाजवताना समोर कमी आणि मागे जास्त बघायला लागले. रेषा लांबच राहिली.

आता तो गुरुवार. पहिल्या खेपेला पट्टी रेषेच्या दोन घरं अलीकडे थांबली. दोन घरं! मागे शाळेच्या गणवेशातली चार पोरं होती, त्यातल्या एकाने फोन वर धरलेला. मी ओढणी सावरली, पर्स उचलली, बाजूला झाले. पुढचा नंबर तुमचा होता. तुम्ही पुढे आलात आणि ढोलाकडे न जाता तळवा उघडून मला म्हणालात, “दोझो.” म्हणजे, घ्या, तुम्हीच.

इथे रांग म्हणजे काय चीज आहे हे मला आठ वर्षांत कळलंय. आपला नंबर कुणी कुणाला देत नाही, मागतही नाही. मी मान हलवली. तुम्ही पिशवीतून तुमच्या काठ्या काढल्या. यंत्राला बांधलेल्या जाडजूड काठ्यांसारख्या नाहीत, घासून निमुळत्या केलेल्या, मुठीपाशी टेनिसच्या रॅकेटला गुंडाळतात तसली पट्टी. दोन्ही हातांनी पुढे केल्यात. मी घट्ट आवळल्या, तशी तुम्ही स्वतःची मूठ दाखवून शेवटची दोन बोटं सैल सोडलीत. एवढंच शिकवणं. पुण्यात दोन वर्षांत झालं नाही ते दोन बोटांत झालं.

पण काका, मी हे पत्र काठ्यांसाठी लिहीत नाहीये. गाणं सुरू व्हायच्या आधी मी सवयीने मागे पाहिलं. तुम्ही माझ्यामागे हातभर अंतरावर उभे होतात, पडद्याकडे पाठ करून, पोरांकडे तोंड करून. टॉवेल खांद्यांवर पसरलेला. रागावला नाहीत, काही बोलला नाहीत, नुसते उभे. फोन खाली गेला. तुम्हालाही मी दिसत नव्हते आणि तेच तुम्हाला हवं होतं. आमच्या मराठीत पाठ फिरवणं म्हणजे साथ सोडणं. तुम्ही पाठ फिरवून माझ्या पाठीशी उभे राहिलात, हे कुठल्या व्याकरणात बसवू?

मला तिथे उभ्या उभ्या स्वारगेटचा स्टँड आठवला. मुलगा चार महिन्यांचा होता, भुकेने किंचाळत होता आणि गाडीचा पत्ता नव्हता. मी कोपऱ्यात त्याला पाजायला बसले. एक गांधीटोपीवाले आजोबा उठले, माझ्यापुढे पाठ करून उभे राहिले आणि पेपर दोन्ही हातांनी पूर्ण उघडून वाचत बसल्यासारखं करू लागले. अर्धा तास एकच पान. गाडी लागली तेव्हा मागे वळूनही न बघता निघून गेले. त्यांचा चेहरा मी पाहिलाच नाही. मदत करणारे बरेच असतात, पण आपण बघितलं हे समोरच्याला कळू न देणारे फार थोडे. त्या आजोबांचं आणि तुमचं गोत्र एक असणार.

गाण्याचं काय सांगू. मधल्या भागात मी चुकले, नेहमीच्या जागी. पण या वेळी मागे बघायचं कारण नव्हतं. मनगटं सुटली होती. काठी आपोआप उसळून परत येत होती. तर्री अशीच असते का हो? शेवटचे गोळे आले तेव्हा मला काही ऐकू येत नव्हतं. पट्टी रेषेच्या पुढे पिवळी झाली, जेमतेम, नखाएवढी. मी ढोलावर कपाळ टेकवून रडले. मग ओढणीने तो पुसला, मागच्याला ओला नको.

मागे वळले तर तुम्ही घड्याळ बघत होतात. माझ्या अरिगातोंना एकदाच कमरेतून वाकलात आणि जिन्याकडे पळालात. मला वाटलं फोन आला असेल. तुमची वेळ संपली होती हे मागाहून लक्षात आलं. तुम्ही त्या दिवशी वाजवलंच नाही, आणि तुमच्या काठ्या माझ्या हातात राहिल्या.

त्या मी मलमलीच्या फडक्यात गुंडाळून ठेवल्यात. मुलाला हात लावू देत नाही. दर गुरुवारी सहा वाजता पिशवीत घेऊन येते, सोबत बेसनाचे लाडू. तीन आठवडे झाले, लाडू पोरांनीच संपवले, त्या फोनवाल्यानेही दोन खाल्ले. या गुरुवारी परत येते आहे. रांगेत तुमचा नंबर माझ्या आधी.

आपली नम्र,
ओढणीवाली