आई, जेवणाची काळजी सोड

अदिस अबाबा (इथिओपिया), गुरुवार

ती. आई-बाबांस सा. न.

आई, फोनवर पहिला प्रश्न 'खातेस काय?' हाच असतो, म्हणून आधी तेच लिहिते. इथले ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती लोक बुधवारी आणि शुक्रवारी उपास करतात. मांस, अंडी, दूध, लोणी सगळं बंद. त्यामुळे साध्यातल्या साध्या खाणावळीतही 'बेयेनेतू' मिळतं. परातभर इंजेरा, म्हणजे तेफ या बारीक धान्याचं पीठ आंबवून केलेली जाळीदार, आंबटसर पोळी, आणि तिच्यावर मसूर, वाटाणा, कोबी-बटाटा, बीट यांचे छोटे छोटे ढीग. शिरो तर चक्क आपलं पिठलंच, फक्त बेर्बेरे मसाल्यानं लाल झालेलं. एका परातीत दोघींचं जेवण होतं. बाकीच्या वारी 'येत्सोम', म्हणजे उपासाचं, असं सांगायचं. साबुदाण्याचं मात्र नाव काढू नकोस.

बाबा, तुम्ही खर्चाचं विचारलंत. खोलीभाडं हाच काय तो मोठा खर्च. विमानतळ शहरातच, त्यामुळे तिथल्या ये-जा करण्यात फार पैसे जात नाहीत. पुढे निळ्या-पांढऱ्या मिनीबस. पोऱ्या दारात उभा राहून 'पियासा, पियासा' असं त्या भागाचं नाव ओरडतो, आपण आत घुसायचं. एक-दोनदा बदलावी लागते, पण टॅक्सीपुढे ते पैसे काहीच नाहीत. सुटे बिर, म्हणजे इथले पैसे, तेवढे जवळ हवेत. राष्ट्रीय संग्रहालयाचं तिकीटही किरकोळ. १९७४ साली सापडलेल्या, सुमारे ३२ लाख वर्षांपूर्वीच्या, माणसाच्या पूर्वजांपैकी मानल्या जाणाऱ्या लूसीच्या सांगाड्याची प्रतिकृती तिथे आहे. जेमतेम साडेतीन फुटांची बाई! मी तिथून बराच वेळ हलले नाही.

घड्याळाची गंमत म्हणजे इथे तास सूर्योदयापासून मोजतात. आपले सकाळचे सात म्हणजे यांचा एक. बसची वेळ विचारताना 'कोणत्या घड्याळाची?' हेही विचारावं लागतं.

संध्याकाळी रस्त्याकडेला बुटक्या स्टुलावर बसून कॉफी. समोरच भाजतात, मातीच्या जेबेनातून ओततात, शेजारी धूप. रीतीनं केली तर तीन फेऱ्या असतात, आणि तिसरीआधी उठणं बरं दिसत नाही. बाबा, तुमच्या चहाचं इथे कठीण आहे.

तुम्ही दोघं याच एकदा, पण जून ते सप्टेंबर पाऊस असतो, तो टाळून. आणि शहर २,३०० मीटरच्या वर आहे, महाबळेश्वरहून कितीतरी उंच, तेव्हा बाबांनी आल्या आल्या एन्तोतोची टेकडी चढायची नाही. स्वेटर आणा. मुंबईहून थेट विमान आहे, भाडं बघून ठेवते.

तुमची,
मनू