शाईतला पोशाख भिंतीवर का नको?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

माझी पुतणी फॅशन डिझाइन शिकते. गेल्या महिन्यात शहरातल्या एका चित्रप्रदर्शनासाठी तिनं काळ्या शाईतली चार रेखाटनं दिली होती. ती परत आली. ‘ही चित्रं नव्हेत, शिवणकामाचे नमुने आहेत,’ असं तिला सांगितलं गेलं. शिवणकाम हा माझाच धंदा. मंगळवार पेठेत बत्तीस वर्षं लेडीज टेलरचं दुकान चालवतोय, तेव्हा या वाक्यावर दोन शब्द बोलायचा हक्क मला असावा.

आधी कबुली देतो. पूर्वी नाटकांचे पोशाख करणाऱ्या एक बाई आमच्याकडे काम द्यायच्या. सोबत शाईनं काढलेला कागद, कोपऱ्यात टाचणीनं अडकवलेला कापडाचा तुकडा, कडेला मापं. मी त्यावरच खडूनं हिशेब मांडायचो आणि पोशाख गेला की कागद चिंध्यांच्या पोत्यात. असे किती गेले असतील, देव जाणे. त्या परत पाठवणाऱ्यांना फार बोल लावायचं तोंड मला नाही.

पण पुतणीचं एक रेखाटन बघताना थबकलो. पाठमोरी बाई. खांद्यापासून घोट्यापर्यंत एकच रेघ. कमरेशी निब दाबलेली, म्हणून जाड. खाली घेराकडे येता येता केसासारखी बारीक. म्हटलं, ‘हे कापड उरेब कापलंस ना?’ ती म्हणाली, ‘हो काका, पण तुम्हाला कसं कळलं?’ उरेब म्हणजे धाग्याला तिरकं. उभ्या धाग्यावर बेतलेलं कापड असं अंगाला धरून खाली उतरत नाही, एवढंच. रंग नाही, सावली नाही, तरी कापडाचं वजन कागदावर आलंय. पेन्सिल खोडता येते, शाई नाही. कात्रीचंही तसंच असतं, म्हणून त्या न थरथरलेल्या हाताची किंमत मला जरा जास्त कळते. (चारातले दोन कागद मलाही नुसते नमुनेच वाटले. तसं बोललो, तर दोन दिवस घरात अबोला.)

‘पाय फार लांब झालेत, प्रमाण चुकलंय,’ असाही शेरा मिळाला म्हणे. खरा माणूस साधारण साडेसात डोक्यांइतका उंच असतो. फॅशनच्या रेखाटनात तो नऊ डोक्यांचा काढायची रीत आहे. कापड कसं पडतं ते दाखवायला उंची लागते. शेरा मारण्याआधी एवढं तरी विचारायचं.

आणि हे कोल्हापुरात सांगावं लागतंय! इथल्याच बाबूराव पेंटरांनी नाटकांचे पडदे रंगवले, सिनेमाची पोस्टरं रंगवली, पात्रांचे पोशाख नि हालचाली आधी कागदावर काढल्या. त्यांना कुणी चित्रकार म्हणायचं थांबलं नाही. भानू अथैया याच शहरात १९२९ साली जन्मल्या. ‘गांधी’ सिनेमाच्या वेशभूषेसाठी १९८३ साली जॉन मोलो यांच्यासह त्यांना ऑस्कर मिळालं, हे शाळेतली पोरंही सांगतील. पण त्या मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत शिकलेल्या चित्रकार होत्या, १९५३ साली मुंबईत प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप या आधुनिक चित्रकारांच्या गटातल्या मंडळींबरोबर त्यांची चित्रं लागली होती, हे कितीजणांना ठाऊक आहे? त्याच काळात त्या ‘ईव्ह्‌ज वीकली’ साप्ताहिकासाठी फॅशनची रेखाटनं काढू लागल्या. त्याच्या संपादिकेनं बुटीक काढलं तेव्हा ‘आता हे कपडे करूनच बघ’ अशी गळ घातली, आणि तिथून वाट सिनेमाकडे वळली. म्हणजे रेखाटनं आधी, कपडे नंतर. मग त्या रेखाटनांना शिवणकामाचे नमुने कसं म्हणायचं?

२८ एप्रिल २०२९ रोजी भानूताईंच्या जन्माला शंभर वर्षं होतील. त्या निमित्तानं शाहू स्मारक भवनाच्या कलादालनात फक्त पोशाखांच्या रेखाटनांचं प्रदर्शन भरवावं, अशी विनंती या पत्रातून करतो. जुन्या नाटक मंडळींच्या ट्रंका आणि टेलर लोकांचे पोटमाळे आत्ताच शोधायला घेतले, तर काही कागद अजून हाती लागतील. लागले तर साफसूफ करून, कडा छाटून फ्रेम करू नका. टाचणीची भोकं, खडूचे हिशेब, कोपऱ्यातला कापडाचा तुकडा, सगळं आहे तसं काचेखाली राहू द्या.

आपला,
एक टेलर,
मंगळवार पेठ, कोल्हापूर