गोळी चालू, पण शुगर कोण बघतंय?

संपादक साहेब,

माझ्या धाकट्या दिराला स्किझोफ्रेनियासाठी ओलॅन्झापिन ही गोळी चालू आहे, कानातले आवाज थांबले, झोप लागते, पण भूक अशी की पोह्यांची प्लेट संपत नाही तोच जलेबी मागतो, आणि ओपीडीतला वजनकाटा कोपऱ्यात धूळ खातोय! अशा आजारात माणसं १० ते २० वर्षं लवकर जातात, बरीचशी हार्टनं.

अमेरिकेतल्या स्टॅनफोर्ड विद्यापीठात २०२४ मध्ये अशा २१ पेशंटना औषधं चालू ठेवूनच चार महिने कीटो डाएट (भात-पोळी-साखर अगदी कमी, तूप-तेल जास्त) दिलं, वजन उतरलं, मनालाही फरक पडला, पण तुलनेला दुसरा गट नव्हता, म्हणून ‘डाएटनंच बरं होतं’ म्हणणाऱ्या व्हॉट्सॲपवाल्यांचं ऐकून गोळ्या सोडू नका हं.

गोळी सुरू करतानाच वजन, कंबर, शुगर, लिपिड (रक्तातली चरबी) बघायला काय हरकत आहे?

एक वहिनी, इंदूर